कानबाईच्या सोमवारी सुरतेत

सुरत स्टेशनवर मी आजवर किती वेळा उतरले असेन, ते मलाच ठाऊक नाही. लग्न होऊन दोंडाईच्याला आले तेव्हापासून मुंबईला जायचं म्हणजे आधी तापी लाइनने सुरत आणि तिथून पुढची गाडी. पण स्टेशनाबाहेर कधी पाऊल टाकलं नाही. सामानावर लक्ष ठेवायचं, नळावर बाटल्या भरायच्या, पुढची गाडी कोणत्या फलाटावर लागते ते हमालांना विचारायचं आणि प्रत्येकाने वेगळं उत्तर दिलं की आणखी एकाला शोधायचं, एवढीच माझी सुरत. त्यामुळे इंग्लंडहून परत येताना माझी नवी सून क्लेअर जेव्हा म्हणाली, "आई, वाटेत सुरत लागते ना? मला ती पाहायची आहे," तेव्हा मला आधी हसूच आलं.

क्लेअर लीड्सजवळच्या एका गावात वाचनालयात काम करते. इंग्रजांची वखार सुरतेत होती आणि तिथे मेलेल्या साहेबांच्या कबरी देवळाएवढ्या मोठ्या आहेत, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. विमान मुंबईला पहाटे उतरणार, सुरतेहून आमची भुसावळ पॅसेंजर संध्याकाळी. मधला वेळ फलाटावर डास मारत बसण्यापेक्षा कबरी बऱ्या, असं मीही म्हटलं.

नितीन, म्हणजे माझा मुलगा, तिकडे इंजिनिअर आहे. त्याने आणि क्लेअरने रजिस्टर लग्न केलं. हळद नाही, देवक नाही, अक्षता नाहीत. सह्या केल्या, फोटो काढले आणि एका हॉटेलात जाऊन सगळ्यांनी मासे आणि बटाटे खाल्ले. मी शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते, म्हणून तीन महिने राहून आले. ह्यांना प्रवास सोसत नाही, ते दोंडाईच्यालाच राहिले. परतायची वेळ झाली तेव्हा नितीनला रजा मिळेना. क्लेअर म्हणाली, "मी आईंबरोबर पुढे जाते. जिथे लग्न करून आले आहे ते घर बघायला नको का?" मी तिच्या जागी असते तर ताप आल्याचं सांगून अंथरुणात शिरले असते.

घर बघायला हरकत नव्हती. घर तिला कसं बघेल, याची मला काळजी होती. आमची भाऊबंदकी मोठी आणि तोंडाने त्याहून मोठी. हळद न लागलेली गोरी सून कुळाच्या देवापुढे बसवायची की नाही, यावर आमच्या माघारी बरीच चर्चा झाली होती. शेवटी थोरल्या दिरांनी हात झटकले होते, "जिजी म्हणेल ते." जिजी म्हणजे माझी सगळ्यांत थोरली चुलत जाऊ, आमच्यातली सर्वांत वडील बाई. ती मुलाकडे सुरतेला राहते, बमरोलीत. तिचा शब्द मात्र तिथूनही दोंडाईच्यात चालतो.

सहार ते सुरत

विमानतळाबाहेरच्या बूथवरून मी जिजीच्या मुलाला, भगवानला, फोन लावला. त्याच्या शेजाऱ्यांकडे फोन आहे. तो धावत आला असावा, कारण धापा टाकतच बोलला.

"काकू, बरोबर आजच आल्या तुम्ही! कानबाई शे ना आज. जिजी म्हणते, रोट खायलाच या म्हणावं. सामान मी घेऊन जातो, तुम्ही गाम बघून या."

तीन महिने परदेशात राहून मी तिथी-वार विसरून गेले होते. नागपंचमीनंतरचा पहिला रविवार म्हणजे आमची कानबाई, आणि आज सोमवार.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी हे थोडं सांगितलं पाहिजे. कानबाई ही आमची घरची देवी. रविवारी तिला बसवायचं, तिच्यापुढे गाणी म्हणायची, सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर नेऊन निरोप द्यायचा आणि घरी येऊन रोट खायचे. घराण्यागणिक रीत थोडी बदलते. आमच्याकडे कुळातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात, ते दळून त्याचे जाडजूड रोट करतात. हे रोट फक्त भाऊबंदकीने खायचे. शेजाऱ्याला द्यायचे नाहीत, उरवायचे नाहीत. पोटच्या लेकीलासुद्धा लग्नानंतर मिळत नाहीत, कारण ती दुसऱ्या कुळाची झाली. आणि काल आलेल्या सुनेला मिळतात. मला दोंडाईच्यात येऊन आठवडा झाला नव्हता तेव्हा सासूबाईंनी माझ्या ताटात रोट वाढला होता, आणि त्या दिवसानंतर मी कोणाची, हे मला कोणी विचारलं नाही.

म्हणजे आता सगळं एका ताटावर येऊन ठेपलं होतं. जिजीने क्लेअरला रोट वाढला तर दोंडाईच्यात कोणी ब्र काढणार नव्हतं. नाही वाढला, तर ती आमच्या घरी जन्मभर नितीनची मेम राहणार होती. बोरिवलीहून गाडी सुटल्यावर मी हे क्लेअरला सगळं समजावून सांगितलं. लपवाछपवी मला जमत नाही. तिने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मी काय केलं म्हणजे त्या मला देतील?"

"काही करून मिळत नाही ते," मी म्हटलं.

"मग काळजी करून तरी काय उपयोग?" असं म्हणून ती खिडकीला डोकं टेकून झोपली. मी मात्र वापीपर्यंत जागी होते.

सुरत, सकाळ

भगवान स्टेशनवर आला होता, नवा शर्ट घालून, कपाळाला कुंकू. तो लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्यात मशीन दुरुस्त करतो. कानबाईला खानदेशी कामगार रजेवर जातात आणि निम्मे लूम बंद पडतात, शेठ कितीही ओरडला तरी. त्याने क्लेअरला लांबूनच वाकून नमस्कार केला, "वेलकम मॅडम," म्हणाला, आणि आमच्या दोन बॅगा रिक्षात घालून घेऊन गेला. क्लेअरची मोठी बॅग विमानात कुठेतरी आपटून तिची कडी तुटली होती. ती भगवानने स्टेशनवरच सुतळीने अशी करकचून बांधली, की पुढे दोंडाईच्यात ती सोडवायला आम्हाला विळी लागली.

आम्ही आधी पोट भरलं. स्टेशनसमोरच्या गल्लीत लोचो नावाचा पदार्थ मिळतो. ढोकळा करायला घेतला आणि मध्येच मन बदललं, असं त्याचं रूप. पण वर तेल, शेव, कांदा आणि हिरवी चटणी पडली की त्याला नावं ठेवायची इच्छा राहत नाही. क्लेअरने दोन बशा खाल्ल्या. दुकानदार तिच्याकडे बघत होता आणि मी दुकानदाराकडे, की हा आता भाव वाढवून सांगतो की काय. त्याने उलट चटणी पुन्हा वाढली आणि मला हळूच विचारलं, "बेन, तीखु नथी लागतु एने?" तिच्या नाकातून पाणी वाहत होतं, पण ती थांबायला तयार नव्हती.

रिक्षाने चौकाकडे निघालो. प्लेगच्या साथीच्या वेळी याच सुरतेहून लोक गाड्यांच्या टपावर बसून पळाले होते. आमच्या दोंडाईच्यालाही तेव्हा किती कुटुंबं उतरली होती, आणि स्टेशनवरून त्यांच्याकडे बघायलाही लोक घाबरत होते. आता रस्ते असे झाडलेले, की क्लेअरने बिस्किटाचा कागद हातात धरून कचऱ्याचा डबा शोधला आणि तो सापडलाही. माझ्या गावची मला लाज वाटली.

चौकाजवळ तापीच्या काठी जुना किल्ला आहे. आत सरकारी कचेऱ्या. फायली घेऊन जाणाऱ्या एका कारकुनाने आम्हाला "अहीं कंई जोवानुं नथी" असं सांगून हसत वाट दाखवली, ती बाहेरची. पण नदीकडे वळलो आणि मी जागच्या जागी उभी राहिले. काठ बायकांनी भरला होता. नऊवाऱ्या, सहावाऱ्या, नव्या कोऱ्या सुरती साड्या, केसांत कण्हेरीची फुलं, डोक्यावर कानबाईचे चौरंग, बरोबर बँड. बँडवाला गुजराती, वाजवत होता हिंदी सिनेमातलं, आणि बायका त्यावर आमची कानबाईची गाणी म्हणत फुगड्या घालत होत्या. ताल दोघांचाही वेगळा, पण कोणालाच त्याचं काही नव्हतं. तापी श्रावणातली, गढूळ आणि भरलेली. हीच नदी आमच्या खानदेशातून वाहत इथे येते. मी इतक्या लांबून विमानाने, आगगाडीने येत होते आणि माझं गाव इथे आधीच येऊन पोचलं होतं. मला रडू आलं, ते मी लपवलंही नाही.

एका बाईने क्लेअरचा हात धरून तिला फुगडीत ओढलं. क्लेअर उंच, ती बाई ठेंगणी. दोघी गरागरा फिरल्या आणि क्लेअरची चप्पल सुटून तापीच्या पायरीवरून घरंगळत पाण्यात गेली. सगळ्या खो खो हसल्या. क्लेअरही हसली, आणि एका पायात चप्पल घालून पुढचा अर्धा तास सुरतेत फिरली. शेवटी भागळच्या बाजारात रबरी चपला घेतल्या. तिच्या मापाच्या फक्त पुरुषांच्या मिळाल्या.

मग कतारगामच्या रस्त्याला त्या कबरी पाहिल्या. सांगितलं तर खोटं वाटेल अशा मोठ्या. घुमट, कमानी, वर जायला जिने. इथे व्यापाराला येऊन तापाने मेलेले कोण कुठले साहेब, आणि त्यांनी पुरायलासुद्धा महाल बांधले. आवारात शेळ्या चरत होत्या, एका कमानीखाली दोन माणसं पत्ते खेळत होती. क्लेअर दगडावरची अक्षरं बोटांनी चाचपून वाचत होती. लहान लहान मुलांच्याही कबरी होत्या. ती एकीपाशी बराच वेळ बसली.

"यांना घरी जायचं असणार," ती म्हणाली. "इतके मोठे घुमट बांधले, कारण इथलं कोणी यांना आपलं म्हणालं नसेल. आपल्या माणसांनी चार खांदे दिले असते तर एवढे दगड लागले नसते."

मी म्हटलं, "चल, उशीर होतोय." वाटेत तिला थंड कोको पाजला. सुरतेत तो दुधाचा, घट्ट, चमच्याने खावा लागेल असा मिळतो. ती म्हणाली, लग्नाच्या जेवणापेक्षा हे छान आहे. त्यावर मात्र मी लगेच होकार दिला.

बमरोली

बमरोलीला घरं अशी नाहीत, खोल्यांच्या ओळी आहेत. एका बाजूला कारखान्यांच्या भिंती, दुसऱ्या बाजूला या खोल्या, मध्ये सिमेंटची गल्ली. एरवी लूमच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही म्हणे. त्या दिवशी निम्मे बंद होते, तरी मला शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत होतं. ओळीत खानदेशी बरेच, पण मध्ये मध्ये ओडिया, उत्तर प्रदेशी. दारादारांवर रांगोळ्या आणि कण्हेरीच्या फांद्या होत्या.

जिजी दारात उभी होती. वाळकी, ताठ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. नवरा गेल्यावरही तिने ते पुसलं नव्हतं आणि तिला ते पुसायला सांगण्याची छाती भाऊबंदकीत कोणाची नव्हती. मी पायाला हात लावला. क्लेअरनेही माझं बघून हात लावला. जिजीने तिच्या डोक्यावरून हात फिरवण्याआधी तो पदराला पुसला, जणू आपल्या हाताची धूळ तिला लागू नये.

"या मॅडम, बसा," ती शुद्ध मराठीत म्हणाली. मी तिला अहिराणी सोडून बोलताना आजवर कधी ऐकलं नव्हतं.

मग पाहुणचार सुरू झाला. शेजारच्या ओडिया कुटुंबाकडून खुर्ची आणवली होती. ती पंख्याखाली ठेवली. चहा कपबशीत आला, बाकीच्यांना पेल्यांत. वेफर, बिस्किटं, भागळहून आणलेली घारी नावाची सुरती मिठाई. जिजीची सून सुनंदा पदर सावरत सारखी विचारत होती, "मॅडम, आणखी? मॅडम, पंखा जोरात करू?" क्लेअर त्या खुर्चीवर एकटी, सगळ्यांपेक्षा हातभर उंच, आणि आम्ही सगळे खाली सतरंजीवर. भगवान तर तिच्यासमोर बसायलाही तयार नव्हता. मान एवढा होता, की त्यात आपलेपणाला जागाच उरली नव्हती. मला ते चहाच्या पहिल्या घोटाबरोबरच कळलं.

थोड्या वेळाने मधला पडदा ओढला गेला. आत पाट मांडले होते. गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी, खीर आणि टोपल्यात झाकलेले रोट. भाऊबंदांची आणखी दोन घरं आली होती, ती जेवून उठत होती. जिजीने मला हाक मारली.

मी म्हटलं, "जिजी, क्लेअरला पण बोलवू?"

"तिले तिखं चालाव नही," जिजी म्हणाली. "मॅडमसाठे वेगळं करेल शे ना."

"तिखटाचं नाही म्हणत मी."

जिजीने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. "माले समजस तू काय म्हनी ऱ्हायनी ते. पन हयद नही, देवक नही. कानबाईपुढे मी काय सांगू, कोन शे हाई? तू बठ. रोट थांबत नही."

रोट आला की नाही म्हणायचं नसतं. मी बसले. पहिला घास तोंडात घातला. पडद्याच्या फटीतून क्लेअर दिसत होती, मांडीवर बिस्किटांची बशी, माझ्याकडे बघत. ती हसली आणि मान हलवून "चालेल" असं म्हणाली. ते बघून मला जास्त वाईट वाटलं. मनात आलं, उठावं, तिचा हात धरावा आणि सरळ जवळच्या उधना स्टेशनवर, जिथे आमची पॅसेंजर थांबते, जाऊन बसावं. पण जिजी दुष्ट नव्हती. तिला देवीशी खोटं बोलायचं नव्हतं, एवढंच. अशा माणसाशी भांडायची सोय नसते.

मी हात धुऊन बाहेर आले तेव्हा खुर्ची रिकामी होती.

आता क्लेअरच्या घरची एक रीत सांगते. तिच्या माहेरी जेवण झालं की पाहुणाही उठून भांडी धुऊ लागतो. पहिल्यांदा मी तिथे जेवले तेव्हा महाराणीसारखी बसून राहिले, आणि तिचे वडील माझी बशी धूत होते. मला ब्रह्मांड आठवलं. नंतर क्लेअरने समजावलं, की भांड्याला हात लावू दिला तर पाहुणा घरच्यासारखा झाला असं त्यांच्याकडे मानतात. तेव्हापासून मीही धूत असे, आणि तिच्या आईला त्याचा फार आनंद होई.

तर क्लेअर मोरीत होती. साडी नव्हे, पँटच गुडघ्यापर्यंत दुमडून, उकिडवी बसायला न जमल्यामुळे अर्धवट वाकून, रोटांची सगळी ताटं ती नळाखाली धरून विसळत होती. खरकटं पाणी जाळीतून गटारात चाललं होतं.

मोरीच्या कोपऱ्यात तेलाचा एक मोठा डबा होता, वरून कापलेला आणि मातीने भरलेला. तो कशासाठी, ते मला लगेच कळलं. रोटाचं खरकटं आणि ताटं धुतलेलं पाणीसुद्धा कोणाच्या पायाखाली जायचं नाही, ते मातीत मुरवायचं. दोंडाईच्याला आम्ही परसात खड्डा खणतो. बमरोलीत सगळं सिमेंट. म्हणून जिजी दरवर्षी गावच्या शेतातली माती गोणीत भरून इथे आणवत असे.

माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत जिजी तिथे पोचली होती.

"व माय! काय करी ऱ्हायनी व तू? रोटनं पानी गटारमा? कोनी टाकस का ते गटारमा? इतली घोड्यासारखी वाढनी, आक्कल नही का तुले? सासूनी काहीच शिकाडं नही का? ठेव ते ताट! ठेव खाले!"

ताट खाली पडून गरगर फिरलं. गल्लीतल्या दोन बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. क्लेअर पांढरी पडली, मग लाल झाली. "मी काय केलं?" तिने मला विचारलं. मी दोन वाक्यांत सांगितलं. मला वाटलं ती आता रडेल, किंवा माफी मागून खुर्चीवर जाऊन बसेल. तिने दोन्हीपैकी काही केलं नाही. ती गुडघे टेकून मोरीत बसली, जाळी उचलली आणि तिच्यात अडकलेला रोटाचा कण न् कण बोटांनी वेचून त्या डब्यातल्या मातीवर ठेवू लागली. गटाराची जाळी, हे लक्षात घ्या.

जिजी कमरेवर हात ठेवून बघत होती. "तसं नही," ती खेकसली. "वर वर ठेवस का? कुत्रं खाई ना ते. दाब. बोट घाल मातीमा." क्लेअरला शब्द कळत नव्हते. जिजी तिच्याशेजारी बसली, तिचं मनगट पकडलं आणि तिचा हात मातीत खुपसला. "आस्सं. आते पानी टाक. थोडं. थोडं सांगं ना तुले!"

पडद्याशी उभ्या सुनंदाला हसू आवरेना. सासूपुढे ती कधी मोठ्याने हसली नसेल. "जिजी," ती म्हणाली, "पाहुनीले कोनी असं बोलस का?"

जिजीने वर बघितलं. आधी सुनंदाकडे, मग गल्लीतल्या बायकांकडे, मग आपल्या हातात धरलेल्या त्या चिखलाच्या, लाल केसाळ मनगटाकडे. बाहेर कुठलातरी लूम खडखडत होता.

"कोन पाहुनी?" जिजी म्हणाली. "पाहुनीले मी काबर बोलसू?"

ती उठली, आत गेली आणि टोपल्याखालून आणखी एक झाकलेलं ताट घेऊन आली. त्यात एक अख्खा रोट होता.

"हाऊ नितीनना," ती मला म्हणाली. "तो गया तधयपासून दरसाल त्याना नावनी मूठ मीच घालस, आनि त्याना रोट मीच खास. समुद्रापल्याड ऱ्हास म्हनून काय कुळमाईन उठी गया तो? पन आते माले दात नही. त्यानी बायको शे ना. खाऊ दे तिले."

माझा नितीन सात वर्षं परदेशात आहे. त्याची मूठ बमरोलीच्या एका खोलीत कोणी दरसाल घालत होतं आणि त्याच्या आईला त्याचा पत्ता नव्हता. मी जिजीच्या पायाशी बसले आणि मनसोक्त रडले. ती "पुरे व, पुरे," म्हणत माझ्या पाठीवर थापा मारत होती, जोरात, पीठ मळल्यासारख्या.

क्लेअरने हात धुतले, या वेळी पाणी डब्यात पडेल असे. जिजीने तिला पाटावर बसवलं. मांडी घालता येत नव्हती, म्हणून एक पाय लांब करून. सुनंदाने तिच्या कपाळाला हळदकुंकू लावलं. खुर्ची भगवान परत देऊन आला. रोट जाड, कोरडा, सकाळपासून वाळलेला. क्लेअर एकेक घास चावत होती, आणि तिने पाण्याला हात घातला की जिजी पेला दूर सरकवत होती, "पानी पीसन पोट भरी जाई. पहिले संपाड."

भगवान घड्याळ बघून दारात चुळबुळ करत होता. "जिजी, गाडीनी वेळ व्हई गई. उधनाले पोचाले पाहिजे."

"जाऊ दे गाडी," जिजी म्हणाली. "गाडी रोज शे."

"काका स्टेशनवर येतील ना घ्यायला."

तेव्हा जिजी उठली, आमचा दोंडाईच्याचा नंबर भगवानकडून लावून घ्यायला शेजारच्या घरात गेली. फोन आमच्या घरी नाही, थोरल्या दिरांच्या दुकानात आहे. संध्याकाळी तिथे सगळी भाऊबंदकी बसलेली असते. जिजीला फोनवर हळू बोलता येत नाही, आणि लूम चालू असतो तिथे कोणालाच येत नाही. आमच्या पाटापर्यंत तिचा शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"हा, मी बोली ऱ्हायनू, जिजी. नितीनना बापले सांगा, आज स्टेशनवर जाऊ नको. त्या उद्या येतीन. काय? नही, तब्येत बरी शे. सून रोट खाई ऱ्हायनी. हा, आपलीच सून, नितीननी. अजून निम्मा बाकी शे."